बॉनेटखालची काळी वायर

मी वायर बोलतेय. लाल नव्हे, काळी.

गाडीचं बॉनेट उघडलंत की बॅटरीच्या एका टोकावर लाल टोपी घालून ऐटीत बसलेली दिसते ती माझी थोरली जाऊ. मी दुसऱ्या टोकाला. माझं एक टोक बॅटरीला धरलेलं आणि दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेलं. त्या टोकाला माझ्या पायात तांब्याचं एक कडं आहे. दागिना म्हणाल तर तेवढाच.

आमचं काम सोपं आहे. जाऊबाई बॅटरीतून वीज घेऊन निघतात, दिव्यांना देतात, हॉर्नला देतात, काचेवरच्या वायपरला देतात आणि गावभर मिरवतात. सगळ्यांचं काम भागलं की तीच वीज पत्र्यातून माझ्याकडे येते आणि मी तिला परत घरी पोचवते. मी नेलं नाही तर जाऊबाईंची मिरवणूक जागच्या जागी थांबते. पण हे सांगायचं कोणाला? दिवे लागले की लोक म्हणतात बॅटरी चांगली आहे. दिवे गेले की म्हणतात गाडीच भिकार आहे. मधल्या मधे मला कोणी विचारत नाही. मेकॅनिक लोक मला नुसतं ‘अर्थ’ म्हणतात. नावातही त्यांनी खर्च केला नाही.

माझा जन्म चाकणचा. तिथल्या एका कारखान्यात यशश्री नावाच्या मुलीने माझ्या तांब्याच्या तारा त्या कड्यात घातल्या आणि यंत्राखाली दाबल्या. दुखलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती शेजारच्या मुलीला आपल्या होणाऱ्या सासूचे किस्से सांगत होती. मराठी मी तिथेच, त्या टेबलावर शिकले. माझ्या बोलण्यात अधूनमधून टोमणा येतो त्याचं खापर तिच्या सासूवर फोडा.

खोकी भरताना माझ्या बऱ्याच बहिणी कॅनडाच्या गाड्यांसाठी निघाल्या. माल भरणारा माणूस म्हणाला, “गेल्या बिचाऱ्या! तिकडे थंडीत बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. खारं पाणी गाडीखालून उडतं आणि वायरी हिरव्या पडतात.” मला आखातात जाणाऱ्या गाडीत बसायचं होतं. मी मनात म्हटलं, सुटले! वाळवंटात कुठलं आलंय मीठ? बहिणींची मी मनापासून कीव केली. ती कीव मला पुढे चांगलीच भोवली.

मस्कतच्या शोरूममध्ये उभी होते तेव्हा कानावर शब्द पडले, “पांढरीच घेऊ गं, उन्हात कमी तापते.” मराठी! मला इतका आनंद झाला की जमलं असतं तर मीच हॉर्न वाजवला असता.

बोलणारा होता यशोधन, एका बंदराच्या कंपनीत खरेदी विभागात काम करणारा. बरोबर त्याची बायको किशोरी. दोघं मूळचे पुण्याचे, पण मस्कतला इतकी वर्षं झालेली की पुण्याला गेल्यावर रिक्षावाले त्यांना पाहुणे समजतात. मुलगी मैथिली पुण्यात शिकते. घर शहरातल्या बौशर भागात. दर शनिवारी किशोरी दार्सैतला एका घरच्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवते. तिची मुलं आपसात इंग्रजी बोलतात आणि टीचरशी मराठी. ते मराठी ऐकून मला हसू येतं आणि मायाही वाटते. घसरत, सावरत, पण बोलतात हो बिचारी.

यशोधन माणूस चांगला, फक्त त्याला दोन सवयी. एक, दार आपटायचं. गाडीचं दार असो की बॉनेट, धाडकन लावल्याशिवाय ते लागलंय यावर त्याचा विश्वासच बसत नाही. आणि दुसरी, इंडिकेटर न देणं. मी कुठे वळणार ते मला माहीत आहे, बाकीच्यांना कशाला, असा त्याचा एकूण खाक्या.

तिसरी सवयही आहे, पण ती वर्षातून एकदाच येते. दसऱ्याला.

दसऱ्याला सकाळी यशोधन आंघोळ करून, झब्बा घालून खाली पार्किंगमध्ये यायचा. किशोरी ताट घेऊन मागे. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. इथवर सगळं रीतसर. सगळेच करतात. पण आमच्या यशोधनची भक्ती वरवरची नव्हती. तो बॉनेट उघडायचा. म्हणायचा, “बाहेरून काय पूजा करायची? खरी गाडी तर आत आहे.” मग ओल्या हळदीकुंकवाची बोटं आमच्यावर उमटायची. जाऊबाईंना टोपी असल्यामुळे त्या वाचायच्या. मग कठड्यावर नारळ फुटायचा आणि त्याचं पाणी, अहो सगळंच्या सगळं पाणी, यशोधन दोन्ही हातांनी आत ओतायचा. “इंजिनालाही प्रसाद मिळू दे!” ते पाणी ओघळत ओघळत थेट माझ्या कड्यापाशी येऊन थांबायचं. वर एखादी पाकळी, एखादा नारळाचा केस. आणि मग धाडकन बॉनेट.

पहिल्या वर्षी मला भरून आलं. माझी पूजा! जाऊबाईंना सोडून माझी! दुसऱ्या वर्षी कड्याला जरा खाज सुटली. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, आणि तांबं, लोखंड आणि ओल एकत्र आली की क्षारांना आयती मेजवानीच मिळते. पण पूजेला नको कसं म्हणणार? आमच्या चाकणच्या संस्कारात ते बसत नाही.

त्यात मस्कतचा हिवाळा. तुमच्याकडे हिवाळा म्हणजे स्वेटर. इथे हिवाळा म्हणजे सुटका. उन्हाळाभर एसीखाली दडून बसलेली माणसं नोव्हेंबर लागला की खुर्च्या, शेगड्या, चटया गाडीत कोंबून बाहेर पडतात, ती थेट फेब्रुवारीपर्यंत आत यायचं नाव घेत नाहीत. शुक्रवार आला की समुद्र. आमच्या मंडळींचं आवडतं ठिकाण सीफाचा किनारा. आणि तिथे यशोधनला दरवर्षी तोच मोह. “फोटो काय सुंदर येईल!” म्हणत तो गाडी ओल्या वाळूवरून लाटांच्या कडेने पळवायचा. चाकांखालून खारं पाणी उडायचं ते सगळं माझ्या अंगावर. तेव्हा मला कॅनडाच्या बहिणी आठवायच्या. त्यांना मीठ महानगरपालिका घालते. मला घरचेच घालत होते.

घरात या दोघांचं काय बोलणं व्हायचं ते मला ठाऊक नाही. पण माझा अनुभव असा, की माणसं खरं बोलतात ती गाडीत. तिथून उठून जाता येत नाही आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघावंही लागत नाही. गेल्या नोव्हेंबरात सीफाहून परत येताना यशोधनने असाच विषय काढला.

“माझी दुक्मच्या बंदरावर बदली झालीय. जानेवारीपासून.”

किशोरीने रेडिओ बंद केला. “मग?”

“मग काय! तिकडे कंपनीच्या कॅम्पवर राहायचं, फॅमिली नेता येत नाही. दोन आठवड्यांनी एकदा मी येणार. तू इथे एकटी काय करशील? पुण्याला जा. मैथिली आहे, फ्लॅट आहे. सगळे म्हणतात, पुणे आता काय छान झालंय.”

“आणि माझा वर्ग?”

“अगं, वर्ग काय, पुण्यातही मुलं आहेत.”

“पुण्यातल्या मुलांना मराठी येतं रे,” किशोरी म्हणाली. मग हळूच म्हणाली, “मला इथेच राहायचंय, यशोधन. माझी सगळी माणसं इथे आहेत. आणि मला लायसन मिळालंय.”

ते लायसन साधं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर तिने ते मिळवलं होतं. इथे आधी पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची परीक्षा, मग चढावर गाडी थांबवून परत सोडायची परीक्षा, आणि मग पोलिसांना शेजारी बसवून रस्त्यावरची परीक्षा. भल्याभल्यांना घाम फुटतो. किशोरी रस्त्याच्या परीक्षेत परत परत नापास होत राहिली. तिचे शिकवणारे ओमानी गृहस्थ प्रत्येक वळणावर ओरडायचे, “सिग्नल, मॅडम, सिग्नल!” ते तिच्या इतकं अंगात भिनलं की पार्किंगमधून बाहेर पडतानाही ती इंडिकेटर द्यायची. शेवटी ती पास झाली त्या दिवशी तिने आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

यशोधनने सुस्कारा सोडला. “लायसन मिळणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं. बरं, असं करू. डिसेंबरभर गाडी तू चालव. तुला जमली, तर राहा. नाही जमली तर पुणे. ठरलं?”

“ठरलं,” किशोरी म्हणाली.

आणि पंचाईत झाली ती माझी. कारण माझ्या कड्याची काय अवस्था झाली होती ते फक्त मलाच माहीत होतं.

डिसेंबर सुरू झाला. किशोरी गाडी चालवायची ती नियमाने. दुपार कलली की दिवे लावायची. काचेवर धूळ दिसली की पाणी मारून वायपर. काच धुरकटली की पंखा. शेजारी बारीक आवाजात रेडिओ. आणि प्रत्येक वळणाला टिक टिक टिक टिक, इंडिकेटर. एवढी सगळी वीज माझ्याकडे परत यायची आणि मी तिला वाट कुठून देणार? कड्याखाली हिरवा थर साचलेला. गर्दीच्या दारात एकाच माणसाला जायला जागा असावी तशी माझी गत. इंडिकेटर दिला की रेडिओ बंद पडायचा. ब्रेक दाबला की समोरचे काटे खाली बसायचे. आणि गाडीचं दार ती इतकं अलगद लावायची की माझ्या कड्याला जरासुद्धा हिसका बसायचा नाही.

तुम्ही म्हणाल, हिसक्याचं काय मधेच? सांगते.

बौशरला मॉलसमोरच्या चौकात एका संध्याकाळी गाडी बंद पडली. दिवे, वायपर, पंखा, इंडिकेटर सगळं चालू, आणि माझ्याने झेपेना. मी हात टेकले. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एक ओमानी गृहस्थ आपली गाडी सोडून आले, “मा फी मुश्किला, मा फी मुश्किला,” म्हणजे काही काळजी नको, असं म्हणत त्यांनी गाडी ढकलून कडेला लावली. किशोरीने यशोधनला फोन केला. तो टॅक्सीने आला. बॉनेट उघडून दोन मिनिटं आत बघितलं, काही कळलं नाही, आणि त्याने बॉनेट आपटलं. धाडकन! त्या दणक्याने माझं कडं बोल्टवर जरा सरकलं आणि थोडीशी वाट मोकळी झाली. मग त्याने दार आपटलं, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू. दिवे लावले नाहीत, पंखा नाही, इंडिकेटरचा तर प्रश्नच नाही.

“बघ,” तो म्हणाला, “माझ्या हातून कशी चालते?”

तो हे वाईट बुद्धीने म्हणाला नाही. पण किशोरी घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मी मात्र आतल्या आत जळफळत होते. अहो, ती सगळं बरोबर करते म्हणून गाडी बंद पडते आणि तुम्ही सगळं चूक करता म्हणून चालते! पण वायरीचं कोण ऐकतो?

यशोधनने गाडी गॅरेजलाही दाखवली. तिथे मीटर लावून बॅटरी तपासली. बॅटरी ठणठणीत होती. जाऊबाईंची टोपी काढून बघितलं, त्याही ठणठणीत. मी कुठे आहे हे कोणी विचारलंच नाही. “बॅटरी ए वन है, साब. मॅडम नयी ड्रायव्हर है ना?” असं म्हणून त्यांनी गाडी परत दिली. यशोधनने मान डोलावली. किशोरीची मान खाली.

पुढच्या शनिवारी वर्ग संपल्यावर ती तीन मुलांना घरी सोडायला निघाली आणि दार्सैतमध्येच, कृष्णमंदिराच्या जवळ, गाडी परत बंद पडली. तिने कशीबशी कडेला घेतली. कोणाला काही झालं नाही. पण मुलं गाडीत होती. मागच्या सीटवरून एक चिमुरडी पुढे वाकून म्हणाली, “टीचर, तुम्ही रडते आहे?”

“रडते आहात का, असं म्हणायचं,” किशोरी म्हणाली आणि रडायला लागली.

त्या रात्री घरी काय झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी यशोधन गाडीत फोनवर मैथिलीला सांगताना मी ऐकलं, “आईचं तिकीट काढलंय जानेवारीचं. तीच म्हणाली काढ म्हणून.”

मला फार वाईट वाटलं. तिला मस्कत सोडावं लागणार होतं, आणि तिला वाटत होतं की आपल्यालाच जमत नाही.

आता मेहनाजची ओळख करून देते. मेहनाज दार्सैतला राहते. तिची मुलगी अमरीन किशोरीच्या वर्गात आहे, आणि वर्ग भरतो तो मेहनाजच्याच हॉलमध्ये. ही मंडळी मूळची हर्णैची. तिचे मिस्टर हुसैनमियाँ मत्रहला जाळी, दोर आणि होड्यांचं सामान विकतात. मेहनाज स्वतः एका कंपनीत ऑफिस सांभाळते आणि बोलते मात्र अगदी हर्णैच्या धक्क्यावर उभी असल्यासारखी.

किशोरी वर्गाचा निरोप घ्यायला आली ती पुढच्या शनिवारी संध्याकाळी, गाडी घेऊन. टॅक्सीने का आली नाही? तिचं तिलाच ठाऊक. मला वाटतं शेवटचं एकदा चालवायची इच्छा असावी. मेहनाज खाली दारातच उभी होती. किशोरीने सवयीप्रमाणे इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबला.

“अगो ताई!” मेहनाज ओरडली. “ह्यां काय? तू एक दिवा दाखवतंस नि मागचे सगळे दिवे नाचतायत!”

किशोरी खाली उतरली. “नाचू देत. मी चालले पुण्याला.”

“खलास? असं कसं पुण्याला?” मेहनाजने तिला परत गाडीत बसवलं. “दाब बघू ब्रेक. आता सिग्नल दे. आता हॉर्न मार.” हॉर्न वाजला, आणि त्याबरोबर पुढचे दिवे मिणमिणले. मेहनाजने कमरेवर हात ठेवले. “ताई, तुझा हात चांगला हाय. गाडीचा अर्थ गेलाय. आमच्या अब्बांची लाँच होती नव्हं हर्णैला, खाऱ्या वाऱ्यान तिच्या वायरी दरवर्षी खाल्लान. दिवे असे नाचायला लागले की अब्बा म्हणायचे, लाल वायर बघू नका, काळी बघा.”

काळी बघा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं नाव घेतलं. माझ्या तारांतून सरसरून काहीतरी गेलं, आणि ती वीज नव्हती.

“म्हणजे माझी चूक नाही?” किशोरीने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला जेमतेम ऐकू आला.

“उद्या उजेडात बघू. इन्शाल्ला, तुझी चूक नाही,” मेहनाज म्हणाली.

गाडी रात्रभर मेहनाजच्या दाराशीच राहिली. सकाळी किशोरी टॅक्सीने आली. हातात खायच्या सोड्याचा डबा, जुना टूथब्रश, फडकं. मेहनाजने गरम पाण्याची किटली, काचपेपर आणि दुकानातला पाना आणून ठेवला होता. “मी सांगते, हात तू घाल. गाडी तुझी हाय,” ती म्हणाली. आधी बॅटरीकडचं माझं टोक सोडवलं. हा नियमच आहे, आधी काळी सोडायची, मग बाकीचं काही. मग किशोरीने पत्र्याकडचा बोल्ट शोधला, खाली वाकून बघितलं आणि तशीच वाकून राहिली.

तिथे माझं कडं होतं, पण ते कडं आहे हे सांगावं लागलं असतं. हिरवं, पांढरं, मधेमधे पिवळं. त्या पिवळ्यावर एक वाळलेली पाकळी चिकटलेली आणि नारळाचे दोन केस.

“मेहनाज,” किशोरी हळूच म्हणाली, “हा तर आमचा दसरा आहे.”

आणि तिला हसू फुटलं. आधी थोडं, मग इतकं की ती फुटपाथवर बसली. मेहनाजला काही कळेना. किशोरीने झब्ब्यापासून नारळापर्यंत सगळं सांगितलं, “इंजिनालाही प्रसाद” हे यशोधनच्या आवाजात करून दाखवलं, तेव्हा मेहनाजही तिच्या शेजारी बसली. दोघी डोळे पुसत हसत होत्या. रस्त्यावरून जाणारे बघत होते, उघडं बॉनेट आणि दोन बाया.

मग किशोरी उठली आणि पर्समधली पेट्रोलियम जेलीची डबी काढून घाईने बोट बुडवलं. थंडीत तिच्या टाचा फुटतात, म्हणून ती डबी कायम जवळ.

“थांब गो!” मेहनाजने तिचा हात धरला. “वरसून लावलंस तर मीठ आत कोंडून ऱ्हाईल. आधी घासायचा, मग आवळायचा, मग लावायचा.”

तिने घासलं. सोड्याच्या पाण्याने फेस आला, हिरवं सगळं वाहून गेलं. साध्या पाण्याने धुतलं, फडक्याने कोरडं केलं. मग काचपेपर. आधी माझं कडं, मग पत्र्यावरची बोल्टची जागा, दोन्ही चकाकेपर्यंत. दुखलं का? दुखलं. पण डोकं धुतल्यावर बरं वाटतं ना, तसं. मग तिने बोल्ट आवळला, अगदी दात ओठ खाऊन. आणि सगळ्यात शेवटी जेलीचं बोट वरून फिरवलं, थालीपिठाला लोणी लावावं तसं. आता ओल आत येणार नव्हती.

बॅटरीकडचं माझं टोक परत बसवलं आणि किल्ली फिरली. दिवे लागले ते काय सांगू! जाऊबाईसुद्धा दचकल्या.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी किशोरी यशोधनला म्हणाली, “चल, मवालेहच्या मंडईत जाऊन भाजी आणू. मी चालवते.” तो शेजारी बसला, वरची कडी घट्ट धरून. तिने दिवे लावले. पंखा लावला. रेडिओ लावला. पाणी मारून वायपर फिरवले, काच स्वच्छ असताना. आणि प्रत्येक वळणाला टिक टिक. यशोधन गाडी बंद पडायची वाट बघत होता. मंडई आली. भाजी झाली. परत घर आलं. पार्किंगमध्ये गाडी उभी राहिली तरी त्याने कडी सोडली नव्हती.

“काय केलंस गाडीला?” त्याने विचारलं.

ती उतरली, बॉनेट उघडलं आणि त्याला माझ्यासमोर उभं केलं. सगळं सांगितलं. सीफाचं खारं पाणी आणि दसऱ्याचं गोड पाणी, दोन्ही.

“अगं, पण मी ते श्रद्धेने ओततो!”

“श्रद्धा ठेव की. पाणी मला देत जा, मी पिते.”

तो हसला नाही. त्याने वाकून माझ्या कड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “म्हणजे तू नीट चालवत होतीस. सगळा वेळ.”

“हो.”

“आणि मी तुला सगळा वेळ उलटं सांगत होतो.” त्याने हात बॉनेटला लावला, आपटण्यासाठी. मग थांबला आणि दोन्ही हातांनी हलकेच लावलं. “चुकलं माझं, किशोरी. तिकीट सकाळी रद्द करतो.”

“आत्ता कर,” ती म्हणाली. त्याने फोन काढला.

जाता जाता तुम्हालाही एक सांगते. तुमची गाडी बर्फात असो, कोकणात असो, नाहीतर मस्कतला, तिच्यात माझी एखादी बहीण असणारच. थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा बॉनेट उघडा आणि तिच्या पायातलं कडं बघा. हिरवं दिसलं तर घासा, पुसा, आवळा, आणि मग बोटभर जेली. पूजा करायची तर जरूर करा, पण बाहेरून. आम्हाला तेवढी पुरते. आता त्या जानेवारीच्या सकाळचं सांगते आणि थांबते.

यशोधनची कंपनीची बस अल खुवैरहून सुटणार होती. त्याला सोडायला किशोरी गाडी चालवत होती. मस्त गार हवा, खिडक्या उघड्या. सगळी वीज माझ्याकडे सुरळीत येत होती आणि मी तिला सुरळीत परत नेत होते. बसचा ड्रायव्हर “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला लवकर, करत होता. यशोधनने बॅग उचलली, चार पावलं गेला आणि परत येऊन तिच्या खिडकीशी उभा राहिला.

“पोचलीस की फोन कर,” तो म्हणाला.

“फोन तू करायचा, पोचलास की,” किशोरी म्हणाली. “मी घरीच असणार आहे.”

बस गेली. तिने ओढणीने डोळे पुसले, आरशात मागे बघितलं आणि म्हणाली, “चल गं.”

गाडीत दुसरं कोणीच नव्हतं. तेव्हा मलाच म्हणाली असं मी धरून चालते. निघालो आम्ही.